ऐकू येते, परंतु उमगत नाही : अंतःकर्णाचा दोष व ध्वनीचे कालभान

प्राथमिक शाळेतील अध्यापन बहुतांशी कानाच्या वाटेने चालते. पाढे, कविता, श्रुतलेखन, तोंडी हिशेब, गोष्टी आणि सूचना हे सर्व प्रथम मुलाच्या कानावर पडते आणि मग त्याच्या बुद्धीपर्यंत पोहोचते. ज्या मुलाला मुळीच ऐकू येत नाही त्याची उणीव फार काळ लपून राहत नाही. परंतु काही मुलांची अवस्था याहून निराळी असते. हाक मारली तर ती वळून पाहतात. शाळेची घंटा त्यांना ऐकू येते. रस्त्यावरून मोटार गेली तर तीही कळते. मात्र प्रश्न एक विचारावा आणि उत्तर भलतेच यावे, 'सात' लिहावयास सांगावे आणि पाटीवर 'साठ' उमटावे, असा प्रकार त्यांच्या बाबतीत वारंवार घडतो. तेच मूल जवळ बसवून शांतपणे सांगितले तर पुष्कळसे समजते. भरल्या वर्गात समजत नाही. अशा वेळी 'याला ऐकू येते, पण हा लक्ष देत नाही' असा निष्कर्ष सहज काढला जातो, आणि मुलाच्या नावापुढे मंद किंवा हट्टी असे विशेषण कायमचे चिकटते.

या निष्कर्षाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. ऐकू येणे म्हणजे केवळ आवाजाचा लहानमोठेपणा जाणवणे, असे आपण समजतो. वस्तुतः कानाचे काम त्याहून पुष्कळ अवघड आहे. ध्वनी केव्हा सुरू झाला, केव्हा थांबला, त्यातील कंप कोणत्या गतीने चालले आहेत, हे त्याला अतिशय सूक्ष्मपणे टिपावे लागते. अंतःकर्णाला इजा झाली म्हणजे आवाज कमी होतो एवढेच नव्हे, तर ध्वनीचे हे कालभानही बिघडते. ते कसे बिघडते आणि शिक्षकाने त्या बाबतीत काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ध्वनी आणि काळ

फळ्यावरील अक्षर पुसेपर्यंत जागेवर असते. डोळा त्यावरून दोनदा, चारदा फिरू शकतो. ध्वनीचे तसे नाही. तो उमटतो आणि विरतो. म्हणून कानाने जे टिपावयाचे ते त्याच क्षणी टिपावे लागते. आपल्या व्याकरणकारांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. ऱ्हस्व स्वराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन आणि प्लुताच्या तीन, ही गणना काळाचीच गणना होय.

कानाचे कालभान मात्र मात्रेहून कितीतरी सूक्ष्म आहे. ते मोजण्यास सेकंद हे परिमाण फार मोठे पडते. म्हणून सेकंदाचा हजारावा भाग, म्हणजे मिलिसेकंद, हे परिमाण वापरतात. पापणी लवण्यास जो काळ लागतो त्यास आपण निमिष म्हणतो. तो शंभराहून अधिक मिलिसेकंदांचा असतो. परंतु सलग चाललेल्या खरखरीत अवघा दोन-तीन मिलिसेकंदांचा खंड पडला, तरी निरोगी कानाला तो जाणवतो.

या सूक्ष्मतेचा भाषेशी निकट संबंध आहे. क, ख आणि ग हे तीन वर्ण उच्चारताना जिभेचा मागचा भाग टाळूला टेकून सुटतो, ही क्रिया तिन्हींत एकच असते. भेद पडतो तो मुख्यतः कंठातील कंप केव्हा सुरू होतो यावर. 'ग' मध्ये जीभ सुटण्यापूर्वीच कंप सुरू झालेला असतो. 'क' मध्ये तो जीभ सुटल्यानंतर सुमारे वीस-तीस मिलिसेकंदांत सुरू होतो. 'ख' मध्ये प्रथम श्वासाचा झोत बाहेर पडतो आणि कंप 'क' च्या दुपटी-तिपटीने उशिरा येतो. अमेरिकेतील ली लिस्कर व आर्थर अब्रॅमसन या संशोधकांनी १९६४ साली अकरा भाषांतील अशा वर्णांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या भाषांत मराठीचाही समावेश होता. 'कार' आणि 'खार', 'पळ' आणि 'फळ', 'ताट' आणि 'थाट' या जोड्यांतील अर्थभेद असा थोड्या मिलिसेकंदांच्या अंतरावर उभा आहे. 'पता' आणि 'पत्ता' यांतील भेद तर मधल्या क्षणिक स्तब्धतेचा आहे. ती स्तब्धता किती लांबली, हे कानाने ओळखले तरच शब्द ओळखला जातो.

अंतःकर्णाची रचना

बाहेरून आलेल्या ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन चिमुकली हाडे असतात. ती पडद्याचे कंपन आत पोहोचवितात. त्यापुढे अंतःकर्णात गोगलगाईच्या शंखाप्रमाणे सुमारे अडीच वेढे घेतलेली एक नलिका आहे. ती उलगडली तर तिची लांबी सुमारे पस्तीस मिलिमीटर भरेल. तिच्यात द्रव असतो आणि लांबीच्या दिशेने एक पातळ पडदा ताणलेला असतो. या पडद्यावरून लाट कशी धावते आणि उंच स्वर नलिकेच्या मुखाजवळ, तर खालचे स्वर आतल्या टोकाजवळ कसे उमटतात, हे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले. त्याबद्दल त्यांस १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार पेशी असतात. त्या कंपनाचे रूपांतर संदेशात करून तो श्रवणतंतूंच्या हवाली करतात. बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार पेशी असतात. त्या स्वतः लांब-आखूड होऊन क्षीण ध्वनीला बळ देतात आणि जवळजवळच्या स्वरांना एकमेकांपासून वेगळे राखतात. त्यांच्या या हालचालीमुळे निरोगी कानातून अतिशय मंद ध्वनी बाहेरही येतो. डेव्हिड केम्प या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७८ साली हे दाखविले, आणि नवजात बालकाचे श्रवण तपासण्याची एक पद्धती त्यातूनच निघाली. मनुष्याच्या केशपेशी एकदा नष्ट झाल्या म्हणजे पुन्हा उगवत नाहीत, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

श्रवणतंतू काळाची नोंद कशी ठेवतात, हे समजण्यास शाळेच्या लेझीम पथकाचे उदाहरण उपयोगी पडेल. हलगीचा ठेका इतका जलद आहे की प्रत्येक ठोक्यावर लेझीम वाजविणे कोणाही एका मुलाला शक्य नाही, अशी कल्पना करावी. एक मुलगा तिसऱ्या ठोक्यावर वाजवितो, दुसरा चौथ्यावर, तिसरा आणखी कोणत्या तरी. परंतु जो वाजवितो तो अचूक ठोक्यावरच वाजवितो. अशा पथकाचा एकत्र नाद ऐकणाऱ्यास मूळ ठेका पूर्णपणे कळतो. श्रवणतंतूंचेही असेच आहे. एकेक तंतू सेकंदास काहीशे वेळाच संदेश देऊ शकतो; पण अनेक तंतू मिळून सेकंदास सुमारे चार-पाच हजार कंपांपर्यंतचा ठेका मेंदूपर्यंत नेतात. ध्वनी कोणत्या बाजूने आला हेही या ठेक्यावरूनच पुष्कळसे ठरते. एका बाजूच्या ध्वनीला दुसऱ्या कानापर्यंत जाण्यास फार तर सहा-सात दशांश मिलिसेकंद अधिक लागतो. तरुण निरोगी मनुष्य तर दोन कानांतील सेकंदाच्या एक लक्षांशाएवढा फरकदेखील ओळखू शकतो.

दोष उत्पन्न झाल्यावर काय घडते

ध्वनीतील कालरचना दोन प्रकारची असते. पहिली ठळक असते : अक्षरामागून अक्षर येताना आवाजात होणारे चढउतार. दुसरी सूक्ष्म असते : त्या चढउतारांच्या पोटात अतिशय जलद गतीने चाललेले कंप. केशपेशींचा नेहमीचा दोष असलेल्या मनुष्यास आवाज पुरेसा मोठा करून ऐकविला, तर पहिल्या प्रकारचे चढउतार तो बव्हंशी ठीक टिपतो. हानी विशेषतः दुसऱ्या प्रकाराची होते. लेझीम पथकातील काही मुले निघून गेली आणि उरलेल्यांची संगती सुटली, म्हणजे गलका ऐकू येतो पण ठेका उमगत नाही, तसेच येथे घडते. म्हणूनच असे मूल कवितेच्या तालावर बरोबर टाळी वाजविते, मात्र तिच्यातील शब्द सांगू शकत नाही. 'ताल कळतो, मग शब्द का कळू नयेत?' या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आळसात नव्हे, तर त्याच्या अंतःकर्णात आहे.

सूक्ष्म कंपांचा ठेका हरपला की तीन कामे अडतात. आवाजाची उंची नीट कळत नाही. ध्वनीची दिशा नीट कळत नाही. आणि एकाच वेळी दोघे बोलू लागले तर एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यातून वेगळे काढता येत नाही. शांत खोलीत या उणिवा झाकल्या जातात. भरल्या वर्गात त्या उघड्या पडतात.

यात आणखी दोन अडचणींची भर पडते. मोठ्या ध्वनीनंतर लगेच येणारा लहान ध्वनी ऐकण्यास कानाला सावरावे लागते. निरोगी कान हे काम थोड्याच अवधीत करतो, दुखावलेल्या कानाला अधिक वेळ लागतो. बोलण्यात स्वर जोरकस असतात आणि व्यंजने क्षीण. म्हणून स्वराच्या मागून येणारे अंत्य व्यंजन बुडते. 'साप', 'साफ', 'सात', 'साठ' हे शब्द अशा मुलाला जवळजवळ सारखेच वाटतात. दुसरी अडचण गोंगाटाची. मुलांचा गलबला सतत एकसारखा नसतो. त्यात क्षणाक्षणाला फटी पडतात. निरोगी कान त्या फटींतून शिक्षकाच्या बोलण्याचे तुकडे उचलून वाक्य जुळवितो. दुखावलेल्या कानाला या फटींचा लाभ फार थोडा मिळतो.

याहून वेगळा असा एक प्रकार १९९६ साली अमेरिकेतील डॉक्टर आर्नल्ड स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिला. त्यात बाहेरच्या केशपेशी चांगल्या असतात, परंतु आतल्या पेशींपासून श्रवणतंतूंमार्फत जाणारा संदेश विस्कळीत होतो. अशा व्यक्तीला हळू आवाजही कधीकधी ऐकू येतो, पण काळाचे भान फार बिघडलेले असते. जो खंड इतरांस दोन-तीन मिलिसेकंदांत कळतो, तो कळण्यास यांपैकी काहींना वीस किंवा त्याहून अधिक मिलिसेकंद लागतात. जन्मल्यावर तीव्र कावीळ झालेल्या बालकांत हा प्रकार आढळतो.

मोठ्याने बोलणे हा उपाय का नव्हे

मुलाला समजले नाही की शिक्षक आवाज चढवितात. कानात मळ साठला असेल, किंवा मध्यकर्णाच्या विकाराने कान वाहत असेल, तर मोठ्याने बोलण्याचा काही उपयोग होतो. कारण तेथे अंतःकर्ण शाबूत असून केवळ वाट अडलेली असते. अंतःकर्णाच्या दोषात मात्र हळू आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि मोठा आवाज इतरांइतकाच मोठा वाटतो. म्हणजे ऐकू न येणे आणि कानठळ्या बसणे यांतील अंतर फार थोडे उरते. 'मोठ्याने बोला' असे म्हणणारे मूल दुसऱ्याच क्षणी कानांवर हात ठेवते, ते याच कारणामुळे. त्यात खोडसाळपणा नसतो. शिवाय ओरडण्याने स्वर फुगतात, व्यंजनांचे बळ त्या प्रमाणात वाढत नाही. ज्याची उणीव आहे ते मिळत नाही आणि जे आधीच ऐकू येते तेच वाढते.

अक्षरे ताणून उच्चारणे हाही उपाय नव्हे. निरोगी कानाला ध्वनी थोडा लांबविला असता तो ओळखणे सोपे जाते. दुखावलेल्या कानाला त्याचा लाभ त्या मानाने कमी होतो. उलट ताणल्यामुळे अक्षराअक्षरांतील कालाचे स्वाभाविक प्रमाण बिघडते. श्रवणयंत्राने आवाज वाढतो आणि त्याचा फार उपयोग होतो. परंतु हरपलेला सूक्ष्म ठेका ते परत आणू शकत नाही. म्हणून यंत्र लावलेल्या मुलाला आता सर्व काही इतरांसारखे समजेल, अशी अपेक्षा धरू नये.

दोष कशामुळे उद्भवतो

काही मुलांत हा दोष आनुवंशिक असतो. गर्भारपणी मातेला झालेला रुबेला, जन्मतःची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, गोवर, गालगुंड ही इतर कारणे होत. जेन्टामायसिनसारख्या काही औषधांनी केशपेशींना इजा होऊ शकते. म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंती आणि कानाजवळ फुटणारे फटाके हे कारण तर आपल्या डोळ्यांदेखत असते. बालकांतील बधिरतेपैकी सुमारे साठ टक्के बधिरता टाळता येण्याजोग्या कारणांनी येते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली. त्या मोहिमेत शिक्षकांनी केलेले साहाय्य हे श्रवणरक्षणाचेही कार्य होते.

शिक्षकाने काय पाहावे

निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. संशय घेणे आणि मुलाला योग्य ठिकाणी पाठविणे हे मात्र त्याचे काम आहे. पुढील चिन्हांकडे लक्ष असावे :

१. एकांतात समजते, पण वर्गात किंवा पत्र्यावर पाऊस पडत असता समजत नाही.
२. हाक ऐकते, पण ती कोणत्या बाजूने आली हे कळत नाही.
३. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते; शिक्षक फळ्याकडे वळले की गोंधळते.
४. सूचना झाल्यावर प्रथम शेजाऱ्याच्या वहीकडे पाहते आणि मग लिहू लागते.
५. श्रुतलेखनात क-ख, प-फ, त-थ, ग-घ यांची अदलाबदल करते, शेवटची व्यंजने गाळते. परंतु पुस्तकात पाहून लिहिताना चुकत नाही.
६. मोठा आवाज असह्य होतो.

पाचव्या चिन्हाबाबत सावधगिरी हवी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका उत्तम श्रवण असलेली मुलेही करतात, कारण आजच्या बोलण्यात 'दिन' आणि 'दीन' यांचे उच्चार फारसे वेगळे राहिलेले नाहीत. त्याचप्रमाणे ज्या मुलांची घरची बोली वेगळी आहे, त्यांच्या चुका श्रवणदोषाच्या समजू नयेत.

एक साधी पडताळणी शाळेत करता येते. शांत जागी मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे. त्याच्या एका कानाच्या छिद्रापुढील कूर्चा बोटाने अलगद दाबून चोळीत राहावी आणि दुसऱ्या कानासाठी ओळखीचे शब्द कुजबुजून उच्चारून ते परत म्हणावयास सांगावे. मग दुसऱ्या कानाची पाळी. शब्द वारंवार चुकले तर तपासणीची शिफारस करावी. मात्र ही पडताळणी उत्तम पार पडली तरी वरील चिन्हे टिकून असतील, तर शिफारस टाळू नये. कारण काही दोष शांततेत प्रकट होतच नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलाचे नाव पाहिलेल्या चिन्हांसह डॉक्टरांच्या हाती द्यावे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांसही कळवावे. पालकांना दोष न देता विश्वासात घ्यावे, आणि कानात तेल किंवा पाल्याचा रस घालू नये, हे आवर्जून सांगावे.

वर्गात काय करावे

तपासणी होईपर्यंत आणि झाल्यानंतरही बराचसा भार शिक्षकावरच राहतो. त्यासाठी खर्चाची आवश्यकता नाही.

मुलाला पुढे व खिडकीच्या गोंगाटापासून दूर बसवावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. म्हणून चार हात पुढे येणे हे ओरडण्यापेक्षा अधिक उपयोगी असते. प्रकाश शिक्षकाच्या मुखावर पडावा, पाठीवर नव्हे. फळ्यावर लिहिताना बोलू नये. लिहून झाल्यावर वळून बोलावे.

बोलण्याची गती थोडी संथ असावी. पण अक्षरे न ताणता वाक्याच्या नैसर्गिक तुकड्यांमध्ये विसावा द्यावा. "पुस्तक काढा" म्हणून क्षणभर थांबावे; मग "बारावे पान उघडा" म्हणावे. या विसाव्यात दुखावलेला कान सावरतो आणि मेंदू ऐकलेले जुळवून घेतो. न समजल्यास तेच वाक्य चढ्या आवाजात पुन्हा म्हणण्याऐवजी शब्द बदलून सांगावे. आकडे, नावे आणि गृहपाठ फळ्यावर लिहावेत. 'समजले का?' असे विचारू नये, कारण मूल 'हो' म्हणूनच मान हलविते. 'काय करावयाचे ते सांग' असे म्हणावे.

उघड्या भिंती, फरशी आणि पत्रा यांमुळे वर्गात नाद घुमतो. मूळ ध्वनीनंतर सुमारे पन्नास मिलिसेकंदांच्या आत आलेला परावर्तित ध्वनी निरोगी कान मूळ ध्वनीतच मिळवून घेतो; त्याहून उशिरा येणारे पडसाद पुढल्या अक्षरांवर पडून ती पुसट करतात. भिंतींवर कापडी तक्ते, खिडक्यांना पडदे आणि खाली सतरंजी घातली तर हा घुमारा पुष्कळ कमी होतो. याचा लाभ वर्गातील सर्वच मुलांना मिळेल, कारण गोंगाटात बोलणे समजण्याची शक्ती मुलांमध्ये किशोरवयापर्यंत वाढत असते.

गटातील चर्चेत एका वेळी एकानेच बोलावे आणि बोलणाऱ्याने हात वर करावा, असा नियम वर्गास लावावा. ज्याला आवाजाची दिशा कळत नाही, त्याला वर केलेला हात दिशा दाखवितो.

जे मूल दिवसभर तुटक शब्दांची जुळवाजुळव करीत बसते, ते दुपारपर्यंत थकून जाते. तो थकवा आळस नव्हे. अशा मुलाच्या प्रगतिपत्रकात 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिण्यापूर्वी त्याचे कान तपासले गेले आहेत की नाहीत, याची खात्री प्रत्येक शिक्षकाने करून घ्यावी. शेरा पुढील इयत्तांत मुलाबरोबर जातो. वेळीच ओळखलेल्या दोषावर मात्र उपाय सुरू करता येतो.